उंदराले ‘अहो’ म्हणणाऱ्या मॅडम

मॅडमच्या तोंडचा पहिला शब्द मी ऐकला तो ‘अहो’. मी दारात उभा होतो, हातात नेमणुकीचा कागद. मला वाटलं आपल्यालाच बोलावलं. ‘जी’ म्हणून दोन पावलं पुढं गेलो. मॅडमनी वर पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या तळहातावर लाल डोळ्यांचा एक पांढरा उंदीर बसला होता आणि त्याला त्या समजावत होत्या, “अहो, हलू नका न. वजन तं घेऊ द्या.”

वजन झालं, उंदीर पिंजऱ्यात गेला, वहीत आकडा गेला. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “तू कोण?”

उंदराला अहो आणि मला तू. मी तेव्हा पन्नाशीला टेकलेला. गावात मला अरे-तुरे करणारे सगळे वर गेले होते.

“मी नवा माणूस,” मी म्हटलं. “प्राणीघरात लावलं मले. अन् तू म्हणाचं काम नाही. उंदरापेक्षा तं मोठाच आहो मी.”

वाटलं, नोकरी लागली तशी सुटली. पण मॅडम म्हणाल्या, “बरोबर आहे तुमचं. चुकलं माहं. तुमी या उद्या साताले.”

असं चटकन ‘चुकलं’ म्हणणारं माणूस मी आधी पाहिलं नव्हतं. मला स्वतःला तो शब्द जड जातो. आमच्या घरात सगळ्यांनाच जातो.

आमचं कॉलेज फार्मसीचं, म्हणजे औषधं शिकायचं. हायवेपासून थोडं आत. मी आसेगावचा, शेलूबाजारला येऊन जीप धरायचो. शिक्षण चौथीपर्यंत. पण जनावरं लहानपणापासून हाताखालची, कोणतं खात नाही, कोणतं कण्हतं, ते मला लांबून कळतं. त्यावर ही नोकरी मिळाली. काम चार प्रकारचं: पिंजरे धुणं, खाली अंथरलेलं भाताचं तूस बदलणं, खाद्य-पाणी देणं आणि मॅडमचं ऐकणं. पहिली तीन आठ दिवसांत जमली. चौथ्याला वर्ष लागलं.

तेलाचंच घ्या. पहिल्या आठवड्यात मी डोक्याला चपचपीत तेल लावून गेलो, तर दारातूनच परत.

“मॅडम, तेल नाही लावलं तं डोकं तापते माहं.”

“तापू द्या. तुमच्या तेलाचा वास त्यायच्या नाकात बसते, अन् ते दिवसभर तोंड लावत नाहीत खाण्याले. तुमच्या डोक्यापाई माह्या वहीत वजन कमी भरते.”

मीही मीच होतो. तसाच घरी निघून गेलो आणि दोन दिवस फिरकलो नाही. मला वाटलं, बोलावणं येईल. कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, “उंदरावर रुसले काय?” तेव्हा साबणानं डोकं धुवून कोरड्या केसांनी गेलो. मॅडम एवढंच बोलल्या, “दोन दिवस ह्यायनं वाट पाह्यली तुमची.”

उंदीर कशाची वाट पाहतो! पण ते वाक्य दिवसभर माझ्या डोक्यात फिरत राहिलं, तेलाच्या जागी.

एकदा संस्थेचे अध्यक्ष पाहणीला आले. पांढरे कपडे, कानात अत्तराचा फाया, मागं चार माणसं. मॅडम प्राणीघराच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. हात धुवा, बूट काढा, ह्या स्लिपरा घाला, आणि तो फाया बाहेर ठेवा. स्लिपरा दोनच उरल्या होत्या, एक निळी, एक हिरवी, दोन्ही डाव्या पायाच्या. अध्यक्ष लाल झाले.

“मॅडम, मी या कॉलेजचा अध्यक्ष आहे.”

“हो सर,” मॅडम म्हणाल्या, “पण ह्यांना ते माहीत नाही न.”

अध्यक्ष दोन डाव्या स्लिपरा घालून आत फिरले. बाहेर आल्यावर माझ्या कानाशी येऊन विचारलं, “ह्या बाई नेहमीच अशा असतात का?” मी म्हटलं, “आज तं बऱ्या होत्या साहेब.”

पोरापोरींनी त्यांना मागून ‘उंदीरमाय’ नाव ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा फळ्यावर कोणीतरी तसं लिहिलं, तर त्यांनी ते पुसलं नाही, खालीच पाठ शिकवायला सुरुवात केली.

एक गोष्ट मात्र त्या चालू द्यायच्या नाहीत. प्रयोग संपला की उंदीर मारावे लागतात. आतली लिव्हर, किडनी पाहिल्याशिवाय औषधानं काय केलं ते कळत नाही. त्याला कॉलेजात सगळे इंग्रजीत ‘सॅक्रिफाइस’ म्हणायचे. एका पोरीनं तसं म्हटलं की मॅडमची वही बंद.

“सॅक्रिफाइस म्हणजे काय हो?”

“बळी, मॅडम.”

“बळी देवाले देतात. आपण देव नाही, अन् तेही आपल्या पाया पडत आले नाहीत. आपण मारतो. ‘मारतो’ म्हणा. तोंडाले जड जाते न? जाऊच द्या जड.”

आधी झोपेचं औषध द्यायच्या, उंदीर पुरता निपचित झाला की पुढचं. घाई नाही, हसणं नाही, मोबाईल बाहेर. त्या दिवशी मॅडमचा डबा तसाच घरी परत जायचा. मी विचारलं, उपास आहे का? म्हणाल्या, “उपास नाही. घास उतरत नाही, एवढंच.”

त्यांच्या टेबलावर बुद्धाची बोटभर मूर्ती होती. त्या मानोऱ्याकडच्या, बौद्ध घरातल्या. दुसऱ्या खात्याच्या एका सरांनी एकदा टोमणा मारला, “मॅडम, समोर बुद्ध ठेवता आणि उंदीर मारता?”

“म्हणूनच ठेवला सर,” मॅडम म्हणाल्या. “त्याच्यासमोर मारा लागते, म्हणून एकही जास्तीचा मरत नाही.”

ते सर पुन्हा आमच्या खोलीत आले नाहीत.

मला त्यांनी रजिस्टर लिहायला लावलं. मी म्हटलं, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्या म्हणाल्या, कोंबडीला कोणी हसत नाही, लिवा. मग मी लिहायला लागलो. ‘तिसरा पिंजरा. एक जण कोपऱ्यात बसून. केस उभे.’ ‘पाचवा पिंजरा. सगळे जेवले. दोघं भांडले.’ एकदा मी लिहिलं, ‘पहिला पिंजरा नाराज.’ त्याच्यावर मॅडमनी रेघ मारली.

“नाराज कशावरून?”

“वाटलं मले.”

“दिसलं ते लिवा. वाटलं ते चहाच्या वेळी सांगा.”

आणि खरंच, चहाच्या वेळी त्या विचारायच्या, “हं, आता सांगा, पहिला पिंजरा काहून नाराज होता?” मी सांगायचो, त्या ऐकायच्या. वहीत मात्र जाऊ द्यायच्या नाहीत.

अशाच एका चहाच्या वेळी त्यांनी मोठ्या भावाचं सांगितलं. त्याला टीबी झाला. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभरात डोळे पिवळे पडले, अन्नावरची वासना गेली. ह्या गोळ्या रोग मारतात पण कोणाकोणाच्या लिव्हरला झेपत नाहीत. डॉक्टरांनी काही दिवस थांबवल्या, म्हणाले कावीळ उतरली की परत या. कावीळ उतरली. भाऊ परत गेलाच नाही. ‘गोळीनंच मले मारलं असतं,’ असं गावभर सांगत फिरला. वर्षभरात टीबीनं गेला.

“लोक म्हणतात गोळ्यायनं मारलं,” मॅडम म्हणाल्या. “गोळ्या सुटल्या म्हणून मेला थो. त्याची लिव्हर कोणी सांभाळली असती, तं त्यानं गोळ्या पुऱ्या केल्या असत्या.”

हीच त्यांची पीएचडी. टीबीच्या गोळ्या चालू असताना लिव्हर सांभाळील असा एखादा झाडपाला सापडतो का. लग्न, लेकरं, सासऱ्याचं आजारपण यात ती मागं पडली होती. विद्यापीठानं एकदा मुदत वाढवून दिली होती, दुसऱ्यांदा देणार नव्हतं. आणि झाड काही ठरत नव्हतं.

झाड मी दिलं. हे मी छाती काढून सांगतो, कारण खरं आहे. आमच्या शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, उन्हाळी नावाचं झुडूप उगवतं, कमरेच्या खाली, जांभळी बारीक फुलं. पान दोन्हीकडून धरून ओढलं की सरळ तुटत नाही, बाणाच्या टोकासारखं तुटतं. माझा बाप काविळीच्या माणसाला त्याचा पाला द्यायचा. मी चार झुडपं उपटून पिशवीत घालून नेली. मॅडमनी एक पान तोडलं, आणखी एक तोडलं, दहाएक पानं तोडली. लहान पोरीसारखी.

“काय म्हणता ह्याले?”

“उन्हाळी. शंभर टक्के गुण आहे.”

“शंभर टक्के कोणातच नाही. तुमच्या-माह्यातही नाही. पाहू.”

पण माझ्याकडून पोतंभर पाला मागवून सुकवला, त्याचा अर्क काढला, पुस्तकं धुंडाळली, उंदरांसाठी समितीची परवानगी घेतली. आणि मी शेलूबाजारच्या जीप स्टँडवर सांगत सुटलो की कॉलेजात माझ्या झाडावर शोध चालू आहे. परिणाम असा की एका सकाळी आमच्या गावचा एक पक्का पिणारा गेटवर हजर. पोट फुगलेलं, हातात रिकामी पाण्याची बाटली.

“कुठं आहे थो काढा? भरून द्या. रात्रीची सोय व्हते.”

मॅडम बाहेर आल्या. “आधी उंदरायले देऊन राह्यलो दादा.”

“उंदीर पेते काय?”

“नाही. म्हणून तं ते तुमच्यापेक्षा बरे आहेत. उंदराले चाललं म्हणजे माणसाले चालते असं नाही. तुमी सरकारी दवाखान्यात जा.” त्याला जीपमध्ये बसवून दिलं. मग माझ्याकडे वळल्या. तो पाऊण तास मी इथं लिहीत नाही.

प्रयोग सुरू झाला. पाच पिंजरे, एकेकात सहा. पहिल्याला नुसतं पाणी. दुसऱ्याला नुसत्या टीबीच्या गोळ्या. तिसऱ्याला गोळ्या आणि बाजारातलं लिव्हरचं औषध. चौथ्याला गोळ्या आणि उन्हाळीचा थोडा अर्क, पाचव्याला गोळ्या आणि जास्त अर्क. अठ्ठावीस दिवस. मॅडम रोज सकाळी बोथट सुईनं एकेकाच्या घशाखाली औषध सोडायच्या आणि प्रत्येकाला म्हणायच्या, “झालं हो, झालं.”

आठव्या-नवव्या दिवसापासून दुसरा पिंजरा मला पाहवेना. बाकीचे खात-पीत होते. हे सहा जण पाठीला बाक काढून बसलेले, केस उभे, डोळे अर्धे मिटलेले. बाटलीतलं पाणी उतरत नव्हतं. मी मॅडमला म्हटलं, “ह्यायले काहून नाही देत उन्हाळी? पोतंभर पडली आहे.”

“ह्यायले दिली तं तुलना कशाशी करू? ह्या सहा जणायनं सोसलं नाही, तं बाकीच्यायचं वाचणं समजन कसं?”

त्यांनी नीट सांगितलं, मला नीट समजलं. तरी मी जे केलं ते केलं. औषध हाताशी असून आजाऱ्याला द्यायचं नाही, हे माझ्या बापाच्या घरात कधी घडलं नव्हतं. अकराव्या दिवशी मी उन्हाळीचा ताजा पाला कुटला, ज्वारीच्या पिठात मळला, हरभऱ्याएवढ्या सहा गोळ्या केल्या आणि संध्याकाळी पाणी बदलताना दुसऱ्या पिंजऱ्यात टाकल्या. त्यांनी खाल्ल्या. मग रोज. चार-पाच दिवसांत ते पिंजऱ्याची जाळी कुरतडायला लागले. मला काय आनंद झाला सांगू! रजिस्टरात मात्र मी पाल्याबद्दल ओळ लिहिली नाही. लिहिलं, ‘दुसरा पिंजरा. पाणी पिले.’ दिसलं तेच लिहिलं, असं मी स्वतःला सांगत होतो.

अठ्ठावीस दिवस झाले. तीसही उंदीर मारले. रक्ताचे आकडे आले. मॅडम कागद घेऊन बसल्या. उठल्या, मशीन तपासलं, परत बसल्या. नुसत्या गोळ्यांचा पिंजरा आणि उन्हाळीचे दोन पिंजरे, यांत फरकच नव्हता. सगळे जवळजवळ सारखे बरे.

“गोळ्याच जुन्या असतील काय?” त्या स्वतःशीच बोलत होत्या. “का माहं मोजमाप चुकलं?” दुसऱ्या दिवशी गोळ्या तपासल्या, तिसऱ्या दिवशी वजनकाटा. सगळं ठीक होतं. माझ्यावर संशय त्यांच्या मनालाही शिवला नाही. तेच मला लागत होतं. तीन दिवस मला भाकर गेली नाही. बोलावं तर नोकरी जाते, आणि नोकरीपेक्षा मोठं म्हणजे, मी चुकलो हे तोंडानं म्हणावं लागतं. न बोलावं तर मॅडमच्या हातून खोटं लिहिलं जातं, आणि बापाचं झाड कुचकामी म्हणून कायमचं कागदावर जातं. ज्या सहा जणांना मी ते चारलं, त्यांनीच त्याला नापास केलं होतं.

चौथ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, “उन्हाळीचं पोतं टाकून या मागच्या खड्ड्यात. लिहून टाकते, गुण दिसला नाही.” आवाज साधा होता, पण पेन हातात उलटं धरलं होतं.

मी पोतं खांद्यावर घेऊन खड्ड्यापर्यंत गेलो. तिथून परत आलो. पोतं त्यांच्या टेबलापाशी ठेवलं.

“मॅडम, गुण आहे. दुसऱ्या पिंजऱ्यानंही खाल्ली उन्हाळी. म्या चारली. चुकलं माहं.”

त्यांनी पेन सरळ धरलं. मग वही उघडली. “कोणत्या दिवसापासून?” मी सांगितलं. “किती?” सांगितलं. “पाला ताजा का सुकला?” सांगितलं. सगळं लिहून झालं, वही मिटली, आणि तेव्हा त्यांचा आवाज फुटला.

“सहा जणायची दया आली तुमाले. तीस जण फुकट गेले. अन् आता आणखी तीस लागतील.”

शिवी दिली असती तर मी उलट बोललो असतो.  सहाच्या मागं तीस उभे असतात, हे मला तोवर दिसलंच नव्हतं.

आणखी उंदीर हवे तर समितीपुढं जावं लागतं. तिच्यात बाहेरचे लोक असतात. एक म्हातारे गुरांचे डॉक्टरही होते. मला चहा द्यायला सांगितलं होतं. मी ट्रे घेऊन आत गेलो तर मॅडम उभ्या होत्या.

“अर्जात ‘देखरेखीत चूक’ लिहिलंय, म्हणजे नेमकं काय झालं?” मधल्या खुर्चीवरचे साहेब विचारत होते.

“एका पिंजऱ्याच्या खाण्यात बाहेरचं मिसळलं गेलं, सर. जबाबदारी माझी.”

“कोणी मिसळलं?”

“जबाबदारी माझी आहे, सर.”

“मग पुन्हा तीस प्राणी आम्ही कोणाच्या भरवशावर द्यायचे?”

 मी पाहिलं, परवानगी जात होती. ती गेली की मुदत जाणार, पीएचडी जाणार, भावासाठी मांडलेलं सगळंच जाणार. मी ट्रे टेबलावर ठेवला.

“साहेब, म्या मिसळलं.”

“तुमी बाहेर जा,” मॅडम म्हणाल्या.

“नाही जात. चूक माही, अन् तुमी कायले आपल्या नावावर घेऊन राह्यल्या?”

साहेबांनी भुवया चढवल्या. पण गुरांचे डॉक्टर पुढं झुकले. “काय मिसळलंत बाबा?”

मी सगळं सांगितलं. किती पाला, किती पीठ, कोणता दिवस, कोणती वेळ. आधी ते सहा जण कसे बसत, कोणाचे केस आधी खाली बसले, जाळी आधी कोणी कुरतडली.

“बाकीच्या चार पिंजऱ्यांत काही टाकलं नाही?”

“एक दाणा नाही.”

“खात्री कशी देता?”

“म्याच केलं न साहेब. मले नाही तं कोणाले माहीत राहीन?”

डॉक्टर हसले. मग बाकीच्यांना म्हणाले, “हा माणूस बोट ठेवून सांगतोय की बिघडला तो एकच पिंजरा. मग तीस कशाला? तुलनेला साध्या पाण्याचा, नुसत्या गोळ्यांचा आणि जास्त अर्काचा, हे तीनच पुन्हा करा. अठरा.”

“आणि ह्यांचं काय करायचं?” मधल्या साहेबांनी माझ्याकडे पेन रोखलं.

“ते राहतील,” मॅडम म्हणाल्या. “त्यांनी सांगितलं नसतं तर मी खोटं छापलं असतं, सर. खरं समजूनच छापलं असतं.”

बाहेर आल्यावर मला वाटलं, दोन गोड शब्द बोलतील. म्हणाल्या, “त्या डॉक्टरसाहेबाचा चहा थंडा केला तुमी.” मग थोडं पुढं गेल्यावर, पाठमोऱ्याच, “बारा जण वाचले आज.”

पुन्हा अठ्ठावीस दिवस. प्राणीघराची किल्ली माझ्याकडेच ठेवली. दुसरा पिंजरा माझ्याकडेच ठेवला. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाला द्या. नाही म्हणाल्या. दहावा दिवस, बारावा दिवस, ते सहा तसेच पाठीला बाक काढून. एका संध्याकाळी मी पाणी बदलून पिंजऱ्यासमोर उभा होतो. मॅडम मागून आल्या.

“हात खिशात काहून आहे?”

“खिशात काही नाही मॅडम. पाहून घ्या.”

“माहीत आहे काही नाही. म्या विचारलं, हात काहून आहे.”

“बाहेर काढला तं पिंजऱ्याकडे जाते.”

त्या पुढं आल्या. माझ्या बाजूला उभ्या राहिल्या. त्यांनीही दोन्ही हात अंगावरच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात घातले. आम्ही दोघं तसेच उभे होतो, जीपची वेळ होईपर्यंत.

शेवटच्या दिवशी सगळं उरकल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. टेबलावर अठरा काचेच्या बश्या, एकेकीत एकेक लिव्हर, खारवट पाण्यानं धुतलेली. नंबर बश्यांच्या बुडाला चिकटवलेले, दिसत नव्हते.

“चष्मा लावा,” मॅडम म्हणाल्या. “रक्ताचे आकडे उद्या येतील, मायक्रोस्कोपखालीही पाहू. पण आधी तुमी पाहा. बऱ्या उजव्या हाताले, बिघडलेल्या डाव्या हाताले.”

“मी? पोरं आहेत, तुमी आहा.”

“बश्या म्याच भरल्या. कोणती कोणाची ते मले माहीत आहे, म्हणून माह्या डोळ्याचा भरवसा नाही.”

“अन् माहा आहे? मले तं उन्हाळी पास व्हायले पाह्यजे.”

“तुमाले खोटं पचत नाही. तीन दिवस भाकर गेली नाही तुमाले, म्या पाह्यलं होतं. तेव्हा वाटलं, तब्येत बरी नसन.”

मी चष्मा लावला. बरी लिव्हर विटकरी लाल असते, गुळगुळीत, कडा धारदार. बिघडलेली फिकी, पिवळट, बारीक ठिपक्यांची. काही बश्या पाहताक्षणी कळल्या. डाव्या हाताला सहा गेल्या, उजव्या हाताला दहा. दोन उरल्या. त्या नुसत्या पाहून कळेनात. मी एक उचलली, खिडकीच्या उजेडाकडे नेली. रंग बराच चांगला होता. पण कडेला ठिपके होते. थोडेच होते, पण होते. मला हिशेब कळत होता: डावीकडे सहाच राहिल्या तर उन्हाळी पूर्ण पास. माझा हात उजवीकडे गेलाही. मग मी परत पाहिलं. ठिपके तिथंच होते. बशी डाव्या हाताला ठेवली. दुसरीही तशीच निघाली. तीही डावीकडे ठेवली आणि चष्मा काढला.

मॅडमनी एकेक बशी उचलून खालचा नंबर वाचला. उजवीकडच्या दहा: सहा साध्या पाण्याच्या, चार उन्हाळीच्या. डावीकडच्या आठ: सहा नुसत्या गोळ्यांच्या. शेवटच्या दोन बश्यांवर त्या थांबल्या.

“ह्या दोन उन्हाळीच्या आहेत.”

“मंग चुकलो काय मी?”

“नाही. मलेही तसेच दिसले ठिपके. बरोबर लावल्या तुमी.”

माझ्या जिभेवर दहा गोष्टी आल्या. पाला जून असेल, धुऱ्यावरचा नसेल, पावसाळ्यात तोडायला पाहिजे होता, बाप कधी असा सुकवत नव्हता. मॅडम पेन उघडून माझ्याकडे पाहत होत्या. वहीत तारीख टाकून झाली होती, खाली ओळ रिकामी होती.

“चार वाचले,” त्या म्हणाल्या. “दोन नाही वाचले. असंच लिहू?”

मी त्या दोन बश्यांकडे एकदा पाहिलं.

“लिहा,” मी म्हटलं.